चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे ‘काटेवाले’ म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीला दोन वेळा रंग लागला तेव्हा त्यातली अर्धी अक्षरं गेली आणि कोणाचं काही अडलं नाही. वय बासष्ट. अंगकाठी अशी, की स्वतः काट्यावर उभे राहिले तर हलावं की नाही याचा काट्यालाही विचार पडावा.

या माणसानं उभ्या आयुष्यात एकच काम केलं: काट्यांमधली चूक काढणं. दूधवाल्याचा, लोहाराचा, औषधाच्या दुकानातला, कुठलाही काटा यावा, काटेवाल्यांनी त्याची पाठ उघडावी, आत फुंकर मारावी, आणि तीन ग्रॅमची चूक अशी बाहेर काढावी की जणू पायातला काटा. पुढं पुढं हातालाच सवय लागली. मला पुतणी झाली तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकानं नाक कोणाचं, डोळे कोणाचे याची वाटणी केली. काटेवाल्यांनी पोर दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, “तीन किलो एकशे वीस. दुपट्यासकट.” वहिनी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

पहिल्या मजल्यावर ते एकटे राहतात. समोरच्या दारात त्यांची सख्खी मोठी बहीण. तिला अख्खी इमारत ताई म्हणते. ताईंनी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. शेकडो पुस्तकं नजरेखालून गेली, पण त्यातल्या एकाचीही गोष्ट सांगता येणार नाही. कुठल्या पानावर काय चुकलं होतं ते मात्र विचारा. मुलाचं पत्र आलं की ताई लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसत आणि पत्र उलट टपालानं परत जाई. थोडक्यात, चुका काढण्याचा धंदा या घराण्यात दोन्हीकडून होता. भाऊ वजनातली काढी, बहीण मजकुरातली.

याचा फटका काटेवाल्यांना तरुणपणी एकदा बसला. सव्विसाव्या वर्षी ते प्रेमात पडले आणि पहिलं पत्र ताईंना दाखवायला नेलं. ताईंनी सतरा दुरुस्त्या केल्या. ते पत्र इतकं निर्दोष झालं की त्या बाईंना वाटलं, बँकेतून आलंय. उत्तर आलं नाही. त्यानंतर काटेवाले समोरच्या दारातच जेवत आले. ताई वाढायच्या, हे जेवायचे, आणि पाच ग्रॅम मीठ जास्त झालं असलं तरी बोलायचे नाहीत. तेवढी एक चूक ते पोटात घालायचे.

या हिवाळ्यात ताईंना न्यूमोनिया झाला. वीस दिवस रुग्णालयात काढून घरी आल्या तेव्हा वजन होतं एकोणचाळीस किलो चारशे. आता जेवायचंच नाही असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. जेवण आवडेनासं झालं होतं, एवढंच. सूप दिलं की दोन चमचे, पाव दिला की एक कोपरा. “पुठ्ठा लागतो रे सगळा,” म्हणायच्या आणि भिंतीकडं तोंड करायच्या. याहून वाईट म्हणजे सूपमध्ये काय कमी आहे तेही सांगायच्या नाहीत. ताई चूक काढत नाहीत म्हटल्यावर आम्ही सगळेच घाबरलो.

मुलगा दुसऱ्या शहरातून आला. चांगला मुलगा. आईवर जीव, फक्त बोलतो सूचनाफलकासारखा. “मामा,” तो काटेवाल्यांना म्हणाला, “डॉक्टर म्हणालेत महिन्याभरात बेचाळीस व्हायला पाहिजे. चौथ्या रविवारी मी येतो. बेचाळीस असेल तर आई इथं राहील. नसेल तर मी घेऊन जाईन. इथं तिच्याकडं बघायला कोण आहे?”

“मी आहे की.”

“तुम्हाला चहा तरी येतो का, मामा?”

काटेवाल्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली. येत नव्हता.

मुलाचं घर सतराव्या मजल्यावर. खिडक्या उघडत नाहीत. ताई उशीतून म्हणाल्या, “तिथं भांडू कोणाशी? लिफ्टशी?” आवाज एवढा बारीक की मुलाला ऐकू गेला नाही. काटेवाल्यांना गेला. ते बाहेर आले, दोन दारांच्या मधलं पायपुसणं वाकून सरळ केलं, पुन्हा वाकून पुन्हा सरळ केलं, आणि जिना चढून माझ्याकडं आले.

“ताई गेली,” ते म्हणाले, “तर ते समोरचं दार नुसतं लाकूड होईल हो.”

कविता म्हणाल तर या माणसाच्या तोंडून तेवढीच.

रुग्णालयातल्या एका नर्सबाईंनी निघताना ताईंसाठी पाककृती लिहून दिली होती. चिकन, अंडं आणि भात, सगळं एका वाडग्यात. बिनहाडाचं चिकन, कांदा, थोडं सूप, थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर. वरून फेटलेलं अंडं सोडायचं, ते अर्धं शिजलं, थरथरायला लागलं की गॅस बंद, आणि सगळं तसंच गरम भातावर घसरवायचं. मऊ, ऊबदार, गिळायला सोपं. बाईंनी खाली लिहिलं होतं: ‘अगदी सोपं आहे. मीठ चवीपुरतं.’

काटेवाले तो कागद घेऊन अर्धा तास बसले. मग त्यांनी रुग्णालयात फोन लावला.

“चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?”

“अहो, अंदाजानं टाका.”

“कोणाच्या?”

 शेवटी बाई म्हणाल्या, “काका, दोन ग्रॅम टाका,” आणि त्यांनी फोन ठेवला. ‘थोडं’, ‘चिमूटभर’ आणि ‘अर्धं शिजलं’ हे प्रश्न मात्र तसेच राहिले. ‘अर्धं’ या शब्दावर तर काटेवाले फार चिडले. “अर्धं काम करून गिऱ्हाइकाला माल परत देतात का?” ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानातला सोनाराचा नाजूक काटा ताईंच्या स्वयंपाकघरात आला. कांदा ऐंशी ग्रॅम. चिकन एकशे दहा. एकशे चौदा भरलं तेव्हा चार ग्रॅमचा तुकडा कापून बशीत बाजूला ठेवला, आणि तो बिचारा तिथं शिक्षा झाल्यासारखा बसून राहिला. तांदूळ मोजला, पाणी मोजलं. अंड्याची मात्र पंचाईत झाली, कारण कोंबडी प्रमाणवजनाची अंडी घालत नाही. सगळं पातेल्यात गेलं, अंडं वरून सोडलं, झाकण बसलं. अंडं थरथरायला लागलं. काटेवाल्यांना ते बघवेना. हलणारी वस्तू ही त्यांच्या लेखी न बसवलेली वस्तू. त्यांनी ते पूर्ण स्थिर होईपर्यंत शिजवलं.

वाडगा ताईंसमोर ठेवला. ताईंनी भिंतीकडून तोंड वळवलं, चमच्याच्या टोकानं अंड्यावर टकटक केली.

“छोट्या,” त्या म्हणाल्या. बासष्ट वर्षांच्या माणसाला जगात एवढ्या एकाच ठिकाणी छोट्या म्हणतात. “हे काय आहे?”

“अंडं.”

“हे काट्याच्या पायाखाली बसवायचं रबर आहे.” ताईंनी एक तुकडा तोडून चावला, खात्री करून घ्यायला. “रबरच. आणि कांदा?” आणखी एक घास. “कांदा कच्चा. भात?” भात वेगळा घेऊन बघितला. “भातानं एकमेकांना मिठी मारलीय. साखर घातलीस का?” साखर शोधायला तीन घास लागले. “घातलीयस. कशाला घातलीस ते तुझं तुला ठाऊक.”

काटेवाले खाली मान घालून उभे. वाडगा परत आला तेव्हा त्यांनी तो सवयीनं काट्यावर ठेवला आणि उरलेलं वजन वहीत लिहिलं. ताईंनी एकशे नव्वद ग्रॅम खाल्लं होतं. त्या क्षणी त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही. अपमानच एवढा झाला होता.

मग तो रोजचाच क्रम झाला. काटेवाले दुपारी दुकान ओढून घेत आणि वर जाऊन एक वाडगा रांधत. ताई चुका काढत. सोया सॉस जास्त. चिकनचे तुकडे दगडी. सूप कमी, भात कोरडा, ‘चमचा टाकला तर उडेल’. पहिल्या प्रयत्नाचे फसलेले वाडगे माझ्या वाट्याला येत. फेकायचं कसं म्हणून मी खात असे. त्या महिन्यात इमारतीत सर्वांत आधी कोणाचं वजन वाढलं असेल, तर माझं. काटेवाले माझ्याकडं जिन्यात बघत आणि तोंडातल्या तोंडात आकडा म्हणत. मी शर्ट खाली ओढत असे.

पण माणूस चिकाटीचा. रोजची चूक वहीत जाई आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त झालेली असे. कांदा आधी सूपमध्ये मऊ करायचा हे कळलं. अंडं एकदम नाही, दोनदा सोडायचं हे कळलं. पंधराव्या दिवशी तर त्यांनी मन घट्ट केलं आणि अंडं थरथरत असतानाच गॅस बंद केला. डोळे मिटून बंद केला, पण केला. मी समोर होतो. पातेलं कलंडलं आणि ते पिवळं, मऊ, चमकणारं प्रकरण भातावर असं अलगद उतरलं की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वरून पातीचा कांदा. वास जिन्यात गेला आणि वरच्या मजल्यावरचं कुत्रं रडायला लागलं.

वाडगा ताईंच्या कॉटपाशी गेला. मी मागोमाग, शाबासकी बघायला.

ताईंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा, चौथा. काटेवाले दाराच्या चौकटीला धरून उभे.

“बरं आहे,” ताई म्हणाल्या, चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

वाडग्यातून पंचावन्न ग्रॅम कमी झाले होते.

त्या संध्याकाळी काटेवाले माझ्या टेबलावर वही उघडून बसले. चेहरा असा की एखाद्या जुन्या विश्वासू काट्यानं दगा दिलाय. “हे बघा,” ते म्हणाले. डाव्या रकान्यात चूक, उजव्या रकान्यात ताईंच्या पोटात गेलेले ग्रॅम. खारट: दोनशे दहा. भात करपला: दोनशे साठ. साखर दोनदा पडली: दोनशे ऐंशी, आणि वर अर्धा तास व्याख्यान. निर्दोष: पंचावन्न.

“ती खात नव्हतीच हो,” काटेवाले म्हणाले. “ती तपासत होती.”

मला हसू आलं, पण त्यांच्याकडं बघून गिळलं. खरंच होतं ते. चौतीस वर्षं ज्या बाईनं स्वच्छ पान कधी दुसऱ्यांदा वाचलं नाही, ती स्वच्छ वाडगा कशाला संपवेल?

“सोपं आहे मग,” मी म्हणालो. “उद्यापासून चुका करा.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

काटेवाले उठून उभे राहिले. “चाळीस वर्षं लोकांच्या काट्यातली चूक काढली मी. आता बहिणीच्या भातात घालू?” आणि तडक निघून गेले. जिन्यात त्यांची पावलं मधेच थांबली. पायपुसण्यापाशी थांबली असावीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक केली. आयुष्यातली पहिली ठरवून केलेली चूक!  कांदा जाड चिरायचा असं ठरलं होतं. त्यांनी तो जाड चिरला, आणि मीठ दोनच्या जागी तीन ग्रॅम घातलं. ताईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं. कांद्याचा एक तुकडा उचलला, मग दुसरा, मग तिसरा, आणि तिन्ही बशीत शेजारी शेजारी मांडले. तिन्ही अगदी सारखे. पट्टी लावली असती तर केसाचाही फरक निघाला नसता.

“छोट्या, हे मुद्दाम केलंस.”

“नाही, ताई.”

“माझ्याकडं बघून सांग.”

काटेवाले खिडकीकडं बघून म्हणाले, “नाही.”

“लबाडासारखी चूकसुद्धा मोजून करतोस? शरम नाही वाटत?” ताई उठून बसल्या. घरी आल्यापासून पहिल्यांदाच आधाराशिवाय उठल्या. “आण तो काटा इकडं. आण म्हणते ना! आजपासून तो माझ्या उशाशी. स्वयंपाकघरात काटा दिसला तर याद राख. हातानं कर. डोळ्यानं कर. बघते तुला किती येतं ते.”

झालं. काट्याविना काटेवाले म्हणजे चष्म्याविना चष्मेवाला. त्यांना मुद्दाम काही करावंच लागेना. चुकांचा पाऊस पडला. एके दिवशी वाडग्यात दोघांना पुरेल एवढा भात आणि बोटभर चिकन. एके दिवशी सोया सॉसमध्ये अंडं पोहायला लागलं. एके दिवशी मीठ विसरले आणि दुसऱ्या दिवशी कालचंही मीठ घातलं. ताईंना बसल्या जागी एवढ्या चुका पुरेनात. त्या कॉट सोडून स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसू लागल्या, म्हणजे चूक होतानाच पकडता येईल. “झाकण! झाकण ठेव! अरे, अंडं काय तुझी वाट बघणार आहे?” आणि मधेमधे पातेल्यातला चिकनचा तुकडा उचलून तोंडात टाकायच्या, तपासायला. त्याची नोंद वहीत कशी करायची हा काटेवाल्यांपुढं नवाच पेच पडला.

चौथा रविवार आला. मुलगा सकाळी अकराला हजर. हातात रिकामी बॅग, आईचे कपडे भरायला.  आम्ही सगळे खाली दुकानात जमलो. ताई एकेक पायरी उतरून स्वतः आल्या. अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा स्वेटर, ऊन असताना.

काटेवाल्यांचा एक नेम आहे. कोणालाही, काहीही तोलण्याआधी ते काटा प्रमाणवजनांनी तपासून घेतात. त्यांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं ओळीनं बसलेली. एक किलोची खाच भरलेली. पाच किलोची भरलेली. दोन किलोची खाच रिकामी.

काटेवाल्यांनी रिकाम्या खाचेकडं पाहिलं. मग ताईंच्या स्वेटरकडं पाहिलं. स्वेटरचा उजवा खिसा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली लोंबत होता. ताई छताचा पंखा बघण्यात गढून गेल्या होत्या.

“चला मामा, घ्या वजन,” मुलगा म्हणाला.

ताई काट्यावर चढल्या. त्रेचाळीस किलो सातशे.

“वा!” मुलगा जवळजवळ ओरडलाच. “मामा, कमाल केलीत!”

आता काटेवाल्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की दगडालाही कळावं. त्यांचे कान लाल झाले. ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम. समोरचं दार, पायपुसणं, स्टूल, सगळं त्या मिटल्या ओठांवर अवलंबून होतं. आणि मला वाटतं, त्यांनी खरोखर जीव तोडून प्रयत्न केला. पण चूक दिसली की काहींना शिंक येते तसा या माणसाला आकडा येतो.

“दोन किलो वजा,” काटेवाले म्हणाले. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

 मुलानं आईकडं पाहिलं. आईनं सावकाश खिशात हात घातला, पितळी वजन काढलं आणि दाणकन टेबलावर ठेवलं. काट्यावरचा आकडा उतरला: एक्केचाळीस सातशे. तीनशे ग्रॅम कमी.

मग ताईंनी तोंड उघडलं.

“घरभेद्या! सख्खा भाऊ म्हणे! अरे, लहानपणी खिडकीची काच तू फोडलीस तेव्हा मार कोणी खाल्ला? मी! तेव्हा ओरडलास का ‘दोन थपडा वजा’ म्हणून? अंडं धड करता येत नाही आणि सत्य बोलायला निघालाय! ते वजन एवढं उचलून जिन्यानं वर नेलं मी, परत खाली आणलं, खांदा दुखतोय माझा, आणि तुझं आपलं दोन किलो वजा! तुझ्या असल्या भातावर माणसाचं वजन वाढेल यावर कोण विश्वास ठेवणार होतं? मला माझी सोय बघायला नको?”

हे मी थोडक्यात लिहिलं. प्रत्यक्षात चार मिनिटं चाललं. मुलगा मधे पडेल असं मला वाटलं, पण तो बघतच राहिला. आधी आईच्या तोंडाकडं, मग हळूहळू काटेवाल्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं. महिन्यापूर्वी याच आईला फोनवर ‘जेवलास का’ एवढं विचारताना मधे थांबून दम घ्यावा लागत होता. आता ती दोन किलो पितळ जिन्यानं वरखाली नाचवून वर न खोकता मामाच्या सात पिढ्यांचा, म्हणजे स्वतःच्याही सात पिढ्यांचा, उद्धार करत होती.

ताई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा तो म्हणाला, “मामा, हे तीनशे ग्रॅम सोडून द्यायचे का?”

“सोडून कसे देता येतील?” काटेवाले हातांच्या आडून म्हणाले. आवाज रडवेला, पण आकडा ठाम. “तीनशे म्हणजे तीनशे.”

“बरोबर,” मुलगा म्हणाला. रिकामी बॅग त्यानं घडी करून काखेत मारली. “मग ते भरून काढा. पुढच्या रविवारी परत येतो मी. आणि आई, त्या दिवशी स्वेटर घालायचा नाही.”

काटेवाल्यांनी चेहऱ्यावरचे हात काढले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी काटे पुसायच्या फडक्यानं पुसले. चेहऱ्यावर तेलाचा काळा पट्टा उमटला. तो त्यांना कोणीच सांगितला नाही.

ताई मात्र अबोला धरून जिना चढल्या. तो अबोला टिकला पाऊण तास. एक वाजता वरून स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ पातेल्यावर चमचा वाजला. काटेवाले दोन दोन पायऱ्या टाकत पळाले. मुलगा आणि मी मागून गेलो, तर गॅसवर पातेलं, पातेल्यात कांदा, काटेवाल्यांच्या हातात अंडं, आणि स्टुलावर ताई.

“भात जास्त झालाय,” ताई म्हणाल्या.

“चौघांना आहे, ताई.”

“अंडं करपलंय.”

“अजून फोडलं नाही, ताई.”

“तुझ्या हातात आहे ना? मग करपणारच. फोड लवकर, भूक लागलीय मला.”